एकाच झाडाला टाकीकडून कळ्या, रस्त्याकडून नुसता पाला – गच्चीवरची शेवंती, सोलापूर

गच्चीवरची
२४ नोव्हेंबर २०२३, रात्री ९.४०

नमस्कार. जुळे सोलापुरात राहते. गच्चीवर शेवंतीच्या पाच कुंड्या आहेत, जात पिवळी रेवडी. मूळ काशी (मुळाशी फुटणारा कोंब) सासूबाईंच्या माहेरची, अक्कलकोटच्या परसातली. ते घर विकलं तेव्हा त्यांनी बाकी काही मागितलं नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून ही काशी तेवढी आणली. त्याला सहा वर्षं झाली. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला घरची शेवंती, हे तेव्हापासून ठरलेलं.

यंदा पाचही कुंड्या हिरव्यागार आहेत, झाडं दोन-दोन फूट वाढलीत आणि फुलाचा पत्ता नाही. मार्गशीर्ष तीन आठवड्यांवर आला. सासूबाई रोज संध्याकाळी जिना चढून बघून जातात, बोलत काही नाहीत.

आज सकाळी पाणी घालताना एक गोष्ट दिसली. कडेच्या कुंडीतल्या तीन फांद्या पाण्याच्या टाकीकडे झुकल्यात. त्या तिन्हींना मटाराएवढ्या कळ्या आहेत. त्याच झाडाच्या रस्त्याकडच्या फांद्यांना एकही कळी नाही, शेंड्याला नुसती कोवळी पानं. मूळ एक, माती एक, पाणी एक. असं का व्हावं?

शेंडे शेवटचे १० ऑगस्टला खुडले होते. खत म्हणजे शेणखत आणि महिन्यातून एकदा शेंगदाणा पेंडीचं पाणी. ऊन सकाळपासून दुपारी दोनपर्यंत.

होटगीरोड
२४ नोव्हेंबर, रात्री १०.१५

पेंडीचं पाणी जास्त होतंय ताई. नत्र वाढलं की पाला माजतो, कळी धरत नाही. माझ्या गुलाबांचं हेच झालं होतं. सप्टेंबरनंतर पेंड बंद करा, पालाशवालं खत द्या.

पूर्वभाग
२४ नोव्हेंबर, रात्री १०.५०

यंदा थंडी कुठाय अजून? आमच्या घरी चामंती म्हणतात हिला. बतुकम्माला, आम्हा तेलुगू लोकांच्या फुलांच्या सणाला, लागते म्हणून आजी लावायची, पण नवरात्रात घरची कधीच मिळायची नाही, बाजारातूनच आणायला लागायची. घरची फुलायची ती थंडी पडल्यावर. थोडी वाट बघा अक्का.

गच्चीवरची
२५ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

दोघांचेही आभार. पण पेंड जास्त झाली असती तर सगळ्याच फांद्यांना कळ्या आल्या नसत्या ना? आणि थंडी तर टाकीकडे काय आणि रस्त्याकडे काय, सारखीच. ते तीन फांद्यांचं कोडं काही सुटत नाही.

पानाफुलांचा मास्तर
२५ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

ताई, रस्त्याच्या बाजूला दिव्याचा खांब आहे का? असल्यास गच्चीपासून किती लांब, आणि दिवा कधी बसवला?

गच्चीवरची
२५ नोव्हेंबर, सकाळी ८.४२

आहे! जुना पिवळा दिवा होता, तो सारखा बंदच असायचा. श्रावणात नवा पांढरा एलईडी बसवला. गच्चीच्या कठड्यापासून पंधरा-वीस फुटांवर असेल. रात्री कुंड्यांपाशी उभं राहिलं तर पेपर वाचता येतो. पण दिव्याने झाडाला काय होतं?

पानाफुलांचा मास्तर
२५ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

शेवंतीला दिव्यानेच सगळं होतं. जरा सविस्तर लिहितो. नोकरीची तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि या झाडाइतकं सरळ उत्तर देणारं दुसरं झाड माझ्या पाहण्यात नाही.

शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब झाली, आणि तशा बऱ्याच रात्री ओळीने मिळाल्या, की तिचा शेंडा पानं करायचं थांबवून कळी करायला घेतो. त्या रात्री मध्येच उजेड पडला तर झाडाच्या लेखी रात्र तिथेच मोडली. दोन छोट्या रात्री झाल्या, आणि छोट्या रात्री म्हणजे उन्हाळा. मग ते पानंच काढत बसतं. सोलापूरला जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण १३ तास १० मिनिटांचा, डिसेंबरमधला सर्वांत लहान ११ तासांच्या थोडा वर. फरक दोनच तासांचा, पण शेवंतीला तेवढा पुरतो. सप्टेंबर सरता सरता रात्र दिवसाहून मोठी व्हायला लागते, तिथून कळ्यांची तयारी सुरू होते, आणि फूल पुरं उमलायला जातीप्रमाणे आणखी आठ-दहा आठवडे. म्हणून आपल्याकडे नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबर हा तिचा घरगुती हंगाम.

उजेड मोजतात ती पानं. शेंडा मोजत नाही. १९३० च्या दशकात रशियात मिखाईल चायलाख्यान यांनी हे शेवंतीवरच दाखवून दिलं. झाडाच्या वरच्या भागाची पानं काढून टाकली आणि फक्त खालच्या पानांना छोटे दिवस दिले, तरी वर कळ्या आल्या. म्हणजे पानांतून शेंड्याकडे काहीतरी निरोप जातो. त्या निरोप्याला त्यांनी फ्लोरिजेन हे नाव दिलं.

तुमच्या टाकीची सावली त्या तीन फांद्यांवर पडत असणार. आज रात्री वर जाऊन बघा.

होटगीरोड
२५ नोव्हेंबर, दुपारी १.१०

सर, एक शंका. निरोप पानांतून जातो म्हणता, तर सावलीतल्या पानांचा निरोप त्याच झाडाच्या बाकीच्या फांद्यांना का नाही मिळाला? मूळ तर एकच आहे.

पानाफुलांचा मास्तर
२५ नोव्हेंबर, दुपारी २.००

चांगली शंका आहे. हा निरोप ज्या पानातून निघतो त्याच्या जवळच्या शेंड्याला पोचतो. एका फांदीतून खाली उतरून दुसऱ्या फांदीत वर चढणं, तेही उजेडातल्या पानांना ओलांडून, हे शेवंतीत फारसं होत नाही. त्यामुळे एकाच झाडाची एक बाजू हिवाळ्यात आणि दुसरी उन्हाळ्यात असू शकते.

मळेकरी
२५ नोव्हेंबर, रात्री ८.३०

सरांचं खरं आहे. मी उत्तर सोलापूर तालुक्यातला, अर्धा एकर शेवंती असते दरसाल. आमच्या धंद्यात हाच उजेड मुद्दाम वापरतात. कर्नाटकात चिक्कबळ्ळापूर-कोलारकडं पाहुण्यांबरोबर गेलो होतो, तिकडं रात्री रानात बल्ब लावून ठेवालेत. लांबून बघितलं की जत्रा वाटती. झाड उंच होईस्तोवर कळी येऊ द्यायची नाही म्हणून. पाहिजे तेवढं वाढलं की बल्ब बंद, मग कळी. ताईंच्या गच्चीवर बल्ब चालूच राहिला, एवढंच झालं बघा.

गच्चीवरची
२५ नोव्हेंबर, रात्री ११.३०

आत्ता वरून आले. टाकीच्या सावलीची कड त्या झाडाच्या बरोबर मधून जाते. अंधारात तीन फांद्या, उजेडात बाकीच्या. कळ्या मोजल्या, अकरा आहेत. सगळ्या अंधारातल्या बाजूला. सासूबाईंना हाताला धरून वर आणलं आणि दाखवलं. त्या म्हणाल्या, "झोप मोडली होय गं तिची."

आता उरलेल्या कुंड्यांचं काय करू? उशीर झाला का?

पूर्वभाग
२६ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

अर्ज देऊन तो दिवाच काढायला लावा की, नाहीतर रात्री दहानंतर बंद.

गच्चीवरची
२६ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

नाही हो अण्णा. त्या दिव्याआधी आमची गल्ली काळीकुट्ट असायची. क्लासहून उशिरा येणाऱ्या मुली आता निर्धास्त येतात. दिवा हवाच. झाडंच हलवते.

पानाफुलांचा मास्तर
२६ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

उशीर झालेला नाही. आजच सगळ्या कुंड्या टाकीमागे न्या. आता रात्र मोठीच आहे, फेब्रुवारीपर्यंत तिला पुरेशी राहील. तीन-चार आठवड्यांत शेंड्यांना बटणासारख्या कळ्या दिसतील, जानेवारीअखेर फुलं. तोवर शेंडा अजिबात खुडू नका. आणि कळ्यांना रंग दिसेपर्यंत अंधार सोडू नका, मध्येच उजेडात आणलं तर धरलेली कळीसुद्धा अर्धवट राहते.

नवीकुंडी
३० नोव्हेंबर, दुपारी ४.२०

माझा अगदी पहिलीतला प्रश्न आहे. दर डिसेंबरला नर्सरीतून फुलांनी भरलेली शेवंतीची कुंडी आणते. महिनाभर सुंदर, मग वाळते, मार्चमध्ये फेकून देते. तिला जगवता येतं का? आणि तुळशीपुढच्या दिव्यानेही कळ्या अडतात का?

मळेकरी
३० नोव्हेंबर, रात्री ९.००

तुळशीपुढच्या निरांजनानं काय व्हत नाही, बिनघोर लावा.

नर्सरीची कुंडी फेकू नका मात्र. एका कुंडीत चार-पाच कटिंगं दाटीनं लावलेली असतात, म्हणून ती भरगच्च दिसती. फुलं सुकली की बुडापासून चार-पाच बोटं ठेवून सगळं छाटायचं. पंधरा-वीस दिवसांत मातीतून बाजूनं कोंब वर येतात, त्याच काश्या. छाटलं नाही तर जुनं लाकूड वाळतं आणि लोकांना वाटतं झाड मेलं. मेलेलं नसतंय ते. जीव मुळाशी असतो.

पानाफुलांचा मास्तर
३० नोव्हेंबर, रात्री ९.४५

त्यात एक भर. नर्सरीतल्या अशा झाडांवर बहुधा उंची रोखणारं औषध फवारलेलं असतं. पुढच्या वर्षी त्याचा असर राहत नाही, म्हणून तेच झाड दीड-दोन फूट वाढतं. जात बदलली असं समजू नका.

गच्चीवरची
२१ डिसेंबर, सकाळी ९.००

आज मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. पहिल्याला फुलं विकत आणली. आज त्या टाकीकडच्या फांद्यांवरची दोन उमललीत. घटाला दोन्ही वाहिली. आणि कालपासून हलवलेल्या कुंड्यांतही शेंड्याला हिरवी बटणं दिसू लागलीत!

गच्चीवरची
४ फेब्रुवारी २०२४, सायंकाळी ६.१०

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या गडबडीत लिहायचं राहून गेलं. संक्रांतीला कळ्यांना पिवळी रेघ दिसत होती, आता हलवलेल्या चारही कुंड्या भरून आल्यात. मार्गशीर्ष गेला, पौषही सरत आला, तरी सासूबाई रोज एक फूल देवाला वाहतात. मास्तर, तुमची तारीख चार-पाच दिवसांच्या फरकाने खरी ठरली.

नवीकुंडी
१८ एप्रिल, सकाळी १०.३०

मळेकरीदादांनी सांगितल्याप्रमाणे छाटलं, काश्या आल्या, खूप आनंद झाला. आता नवीन पानं पिवळी पडालीत. पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या. पाणी बोअरचं आहे, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरलाय. माती घराच्या पायाभरणीची, काळी.

होटगीरोड
१८ एप्रिल, दुपारी १२.००

हे माझ्या गुलाबांनी मला शिकवलंय, म्हणून सांगते. लोह मिळत नाहीये तिला. आपली काळी माती चुनखडीची, त्यात बोअरचं जड पाणी. लोह मातीत असतं पण अशा मातीत ते मुळांना उचलता येत नाही. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या ही त्याची खूण. नत्राची कमतरता असती तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडली असती.

हिराकस (फेरस सल्फेट) आणा. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम, अर्धं लिंबू पिळून, संध्याकाळी पानांवर फवारायचं. आठवड्याने परत. शक्य असेल तर पावसाळ्यात छतावरचं पाणी पिंपात भरून ठेवा आणि कुंड्यांना तेच द्या. आणि पायाभरणीची काळी माती कुंडीत एकटी वापरूच नका. उन्हाळ्यात ती तडकते आणि मुळं तोडते, पावसाळ्यात चिखल होऊन मुळं कुजवते. मी एक भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि एक भाग बारीक मुरूम घेते, वर मूठभर निंबोळी पेंड. बोटाने दाबलं तर भुसभुशीत लागली पाहिजे आणि पाणी घातल्यावर खालच्या भोकातून मिनिटाभरात बाहेर आलं पाहिजे.

पूर्वभाग
३ मे, रात्री ९.२०

४२ अंश चाललंय. गच्चीच्या फरशीवर पाय ठेवता येईना, तिथं कुंडीचं काय होत असेल. मी सगळ्या खाली जिन्याजवळ पूर्वेकडं ठेवल्यात. दहापर्यंत ऊन, पुढं सावली. वर शेंगांच्या टरफलांचा दोन बोटं थर दिलाय, माती सकाळी दिलेलं पाणी संध्याकाळपर्यंत धरून ठेवती. शेंगांची टरफलं सोलापुरात कमी पडायची नाहीत.

गच्चीवरची
३ मे, रात्री १०.००

माझ्याही पाचपैकी चार टिकल्यात. एक गेली. त्या आठवड्यात लग्नाला गावी होतो, शेजारच्यांनी पाणी घातलं पण भर दुपारी. मुळाशी माती तापलेली असताना पाणी पडलं की ती शिजतात. नशीब, सगळ्या काश्या एकाच कुंडीत नव्हत्या. उन्हाळ्यात शेवंतीकडून वाढीची अपेक्षाच करायची नाही, नुसती जिवंत ठेवायची.

मळेकरी
९ जून, सकाळी ६.३०

मृग लागला, पाऊसबी पडला. आता काश्या वेगळ्या करा. मातीचा गड्डा हलक्या हातानं फोडायचा. मूळ असलेली, बोटभर उंचीची कोवळी काशी घ्यायची, मधलं जुनं खोड टाकून द्यायचं. दहा इंची कुंडीत एकच किंवा फार तर तीन. काश्या कमी असतील तर शेंड्याची दोन-तीन इंचांची काडी तोडून खालची पानं काढा आणि ओल्या भरड वाळूत खोचा. सावलीत ठेवली तर अडीच-तीन आठवड्यांत मूळ धरती.

मग महिन्यानं, झाडाला सहा-सात पानं झाली की पहिला शेंडा खुडायचा. तीनेक आठवड्यांनी फुटलेल्या फांद्यांचे परत. नारळी पौर्णिमेनंतर शेंड्याला हात लावायचा नाही, हा आमचा नेम.

पानाफुलांचा मास्तर
९ जून, सकाळी ९.१५

मळेकरी, बाकी सगळं मान्य, पण तिथीऐवजी तारीख धरू या का? गेल्या वर्षी अधिक श्रावण होता, नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला गेली. यंदा ती १९ ऑगस्टला आहे. शेवंती सूर्याच्या हिशेबाने चालते, तिला अधिक महिना कळत नाही. २० ऑगस्टच्या आत शेवटचा खुडा, एवढं धरलं की दरसाल जमेल.

मळेकरी
९ जून, रात्री ८.४०

बरोबर बोललात. गेल्या साली पौर्णिमेपर्यंत खुडत राहिलो आणि फूल दहा-बारा दिवस मागं पडलं, कारण आत्ता कळलं.

गच्चीवरची
२७ सप्टेंबर, सकाळी ७.३०

यंदाचा हिशेब सांगते. तेरा कुंड्या केल्यात, टाकीमागे तेवढी जागा नाही. म्हणून सहा कुंड्यांवर चार काठ्या रोवून रात्री जुनी सोलापुरी चादर टाकायचे. चार दिवस बरं चाललं. परवा रात्री पावसाने चादर भिजून जड झाली, काठ्या कलल्या आणि तीन फांद्या मोडल्या. उजाडल्यावर बघितलं आणि रडूच आलं. मोडलेले शेंडे वाळूत खोचलेत.

पूर्वभाग
२७ सप्टेंबर, सकाळी ८.००

अक्का, झाकू नका, आडोसा करा. उजेड एकाच बाजूनं येतोय ना? फ्लेक्सचा जुना बोर्ड घ्या, काळ्या पाठीचा. कठड्याला उभा बांधून टाका, झाडांच्या डोक्यापेक्षा फूटभर उंच. वारं लागत राहतं, आत गरम होत नाही, रोज काढाय-घालायचं झंझट नाही. आणि फांद्यांना काडीचा आधार देऊन सैल बांधा. आमच्याकडं यंत्रमागाचं उरलेलं सूत असतं, मऊ असतं, खोडाला काचत नाही.

पानाफुलांचा मास्तर
२७ सप्टेंबर, सकाळी ९.००

ही युक्ती चादरीपेक्षा कितीतरी चांगली. झाकलं की आत उष्मा कोंडतो, आणि रात्री गरम राहिलं तर अंधार असूनही कळी रखडते. ऑक्टोबरच्या उन्हात तर नक्कीच. आणखी एक, दिवाळीचा आकाशकंदील यंदा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला लावा. रात्रभर जळतो तो.

नवीकुंडी
२२ ऑक्टोबर, सायंकाळी ५.१५

कळ्या आल्या! पण कोवळ्या शेंड्यांवर काळे बारीक किडे चिकटलेत, टाचणीच्या डोक्याएवढे. मुंग्याही फिरतायत.

होटगीरोड
२२ ऑक्टोबर, सायंकाळी ६.००

काळा मावा. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात. आधी पाण्याच्या बारीक धारेने शेंडे धुऊन काढा, बोटांनी हलकेच पुसा. मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल, चमचाभर पातळ साबण, संध्याकाळी, पानाच्या खालूनसुद्धा. पाच दिवसांनी परत. कळी उमलायला लागली की तेल मारू नका, पाकळ्यांवर डाग पडतात.

गच्चीवरची
५ डिसेंबर २०२४, सकाळी ८.२०

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पहाटे साडेपाचला सासूबाई वर. मी चहा टाकून मागोमाग गेले तर त्या कुंड्यांमधून हळूहळू फिरत होत्या, एकेका फुलाखाली दोन बोटं घालून त्याचं वजन घेतल्यासारखं बघत. दवाने पाकळ्या जड झालेल्या. परडीत सत्तावीस फुलं भरली, आणि तरी झाडं भरलेलीच दिसत होती. घटापुरती ठेवून उरलेल्यांची त्यांनी स्वतः वेणी केली. बोटं आता थरथरतात, दोऱ्याची गाठ मी मारली. वेणी मात्र त्यांनी माझ्या केसांत माळली, म्हणाल्या आमच्या आईच्या दारची आहे.

सप्टेंबरमध्ये मोडलेले ते तीन शेंडेही जगले. वीतभर झाडांना एकेक फूल आलंय.

फेब्रुवारीत छाटणी करणार. पन्नासेक काश्या सहज निघतील. या धाग्यावरच्या सगळ्यांना द्यायच्या आहेत, सासूबाईंची तशी इच्छा आहे. कुणाला किती हव्यात ते लिहून ठेवा.

पूर्वभाग
५ डिसेंबर, सकाळी ८.३५

मला चार अक्का. आजीच्या नावानं लावतो.

नवीकुंडी
५ डिसेंबर, सकाळी ९.१०

मला दोन. माती होटगीरोड ताईंनी सांगितल्याप्रमाणे आत्तापासून तयार करून ठेवते.

मळेकरी
५ डिसेंबर, दुपारी १२.४०

ताई, मला एक द्या. आमच्याकडची जुनी रेवडी रानातून गेली, आता सगळ्या नव्या जाती. बदल्यात झिपरी जातीच्या काश्या आणून देतो, कुणाकुणाला पाहिजेत सांगा.

होटगीरोड
५ डिसेंबर, दुपारी १.०५

रेवडी दोन, झिपरी दोन. ओलं फडकं घेऊनच येते.